एडुआर्ड विल्डे : वनवासातील वास्तववादी

एस्टोनियन गद्यवाङ्मयात वास्तववादाची प्रतिष्ठापना करण्याचे श्रेय एडुआर्ड विल्डे यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म 1865 मध्ये विरुमा प्रांतातील पुडिवेरे येथे झाला. बालपण मूगा येथील जमीनदारी वाड्याच्या परिसरात गेले. वडील त्याच जहागिरीत चाकरीस होते. एस्टोनिया तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग असला, तरी जमीन आणि स्थानिक सत्ता बाल्टिक जर्मन सरदारांच्या हाती होती. उत्तर एस्टोनियातील भूदासत्व 1816 मध्ये कायद्याने नष्ट झाले. परंतु जमीन जमीनदाराकडेच राहिल्यामुळे कुळाच्या पाठीवरची वेठ पुढे अनेक दशके टिकून होती. शिक्षित वर्गाची भाषा जर्मन, सरकारची रशियन, आणि एस्टोनियन ही शेतकऱ्याची बोली, अशी समाजाची विभागणी होती. विल्डे यांचे शालेय शिक्षण टालिन येथे जर्मन भाषेतून झाले. लेखणी मात्र त्यांनी शेतकऱ्याच्या भाषेसाठी झिजविली.

वयाच्या अठराव्या वर्षी ते वृत्तपत्रव्यवसायात शिरले. आरंभीचे त्यांचे कथालेखन रंजनप्रधान होते. 1890 नंतरच्या बर्लिनमधील वास्तव्यात जर्मन समाजवादी चळवळ आणि युरोपीय वास्तववादी साहित्य यांचा त्यांना निकटचा परिचय झाला आणि त्यांच्या दृष्टीला निश्चित दिशा लाभली. 1896 ची ‘थंड प्रदेशाकडे’ ही कादंबरी या परिवर्तनाचे पहिले ठळक फळ होय. मूळचा प्रामाणिक असलेला एक गरीब तरुण दारिद्र्याच्या रेट्याने गुन्ह्याकडे कसा ओढला जातो आणि त्याची वाट सैबेरियाकडे कशी वळते, हे तीत दाखविले आहे. दोष माणसाच्या स्वभावात नसून परिस्थितीत असतो, ही भूमिका एस्टोनियन वाचकाला नवी होती.

1901 मध्ये कॉन्स्टांटिन पेट्स यांनी टालिन येथे ‘तेआतया’ हे वृत्तपत्र काढले, आणि विल्डे त्यात काम करू लागले. याच काळात त्यांनी आपली ऐतिहासिक कादंबरीत्रयी हाती घेतली. ‘माह्त्राचे युद्ध’ (1902) ही कादंबरी 1858 मध्ये माह्त्रा जहागिरीत वेठीविरुद्ध झालेल्या शेतकऱ्यांच्या उठावावर आधारलेली आहे. ‘अनिया गावचे लोक टालिनला गेले तेव्हा’ (1903) या दुसऱ्या कादंबरीत त्याच वर्षी दाद मागण्यासाठी शहरात आलेल्या आणि तेथे फटक्यांची शिक्षा भोगलेल्या शेतकऱ्यांची कथा आहे. तिसऱ्या ‘प्रेषित माल्त्सवेत’ या कादंबरीचा विषय म्हणजे एका धर्मोपदेशकाच्या नादी लागून क्रिमियात स्थलांतर करणारी भाबडी जनता. तिच्यासाठी विल्डे यांनी क्रिमियातील एस्टोनियन वसाहतींचा प्रवास केला. राजे आणि सेनापती यांना बाजूस सारून निनावी कुळांना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणणे, हे या त्रयीचे खरे कार्य होय.

1905 च्या क्रांतीत विल्डे केवळ प्रेक्षक राहिले नाहीत. वर्षअखेरीस लष्करी कायदा पुकारला गेला, दंडपथके खेड्यापाड्यांतून फिरू लागली, आणि चाळिशीतल्या या लेखकाला देश सोडावा लागला. फिनलंडमध्ये त्यांनी ‘काक’ हे उपरोधप्रधान नियतकालिक काढले. पुढे युरोपात ठिकठिकाणी भटकून ते कोपनहेगन येथे स्थिरावले. पत्नी लिंडा यूर्मान याही लेखणीच्याच व्यवसायातल्या होत्या.

हा वनवास सुमारे अकरा वर्षांचा. ज्याचे सारे लेखन मायदेशाच्या मातीच्या निरीक्षणावर उभे होते, अशा लेखकाला ती मातीच अंतरली. साधनसामग्री दूर गेली, वाचकही दुरावला. परंतु त्यांच्या कलेला याच काळात नवी खोली आली. ‘अप्राप्य चमत्कार’ (1912) या नाटकात छोट्या राष्ट्राच्या उतावळ्या कीर्तिलालसेची त्यांनी चिकित्सा केली. ‘पिसुहेंड’ (1913) या विनोदी नाटकात नवश्रीमंत वर्गाची आणि त्याच्या उसन्या वाङ्मयप्रेमाची हजेरी घेतली. 1916 ची ‘मेकुलाचा दूधवाला’ ही कादंबरी त्यांची सर्वोत्कृष्ट कृती मानली जाते. दुधाच्या धंद्याचा मक्ता मिळावा म्हणून एक कूळ आपली पत्नी जमीनदाराच्या स्वाधीन करण्यास तयार होते, एवढेच तिचे कथासूत्र. त्रयीत जुलूम बाहेरून येतो. येथे तो पीडिताच्या मनात शिरून सौदा करू लागतो. शेतकऱ्याचा कैवार घेणाऱ्या लेखकाने शेतकऱ्याच्याच दुबळेपणाकडे इतक्या निर्भयपणे पाहावे, हे दूरत्वाने दिलेले दान म्हणावे लागेल.

1917 च्या फेब्रुवारी क्रांतीनंतर ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी एस्टोनियाने स्वातंत्र्य घोषित केले, आणि 1919 मध्ये विल्डे बर्लिन येथे नव्या प्रजासत्ताकाचे प्रतिनिधी झाले. ज्या नगरात तरुणपणी त्यांनी समाजवादाचे पाठ गिरविले, तेथेच ते आता आपल्या राष्ट्राच्या वतीने बोलत होते. हे पद त्यांनी 1920 पर्यंतच सांभाळले. उरलेले आयुष्य मुख्यतः आपल्या समग्र वाङ्मयाचे संस्करण करण्यात गेले. जुन्या कृती त्यांनी कठोरपणे तपासून पुन्हा घडविल्या. 1923 मध्ये सुरू झालेली ही मालिका 33 खंडांची झाली; ती पूर्ण होण्यापूर्वीच, 26 डिसेंबर 1933 रोजी, टालिन येथे त्यांचे निधन झाले. नगराबाहेरच्या नव्या वन-दफनभूमीत दफन झालेले ते पहिलेच.

कादरिओर्ग येथील त्यांचे अखेरचे निवासस्थान पुढे संग्रहालय झाले. परंतु विल्डे यांचे खरे स्मारक त्यांच्या भाषेत आहे. वाड्यातील चाकरांची म्हणून हिणविली गेलेली ती भाषा त्यांच्या हाती वाड्याचाच हिशेब मागण्याइतकी समर्थ झाली.