आयझॅक वॉल्टन व डव्ह नदीवरील माश्या

आयझॅक वॉल्टन ह्याचा जन्म इंग्लंडांतील स्टॅफर्ड गांवीं १५९३ सालीं झाला. पुढें लंडनास तो कापडाचा व्यापारी झाला. जवळच्या सेंट डन्स्टन मंदिराचे पाळक कवि जॉन डन हे होते. त्यांचें चरित्र त्यानें १६४० सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं त्याची पत्नी वारली. तिचीं सातही मुलें बालपणींच गेलीं. यादवी युद्धांत त्यास प्रिय असलेल्या प्रार्थनापुस्तकास बंदी झाली, १६४९ सालीं राजाचा शिरच्छेद झाला. आणि १६५३ सालीं ह्या साठीच्या गृहस्थानें मासे धरण्याच्या कलेवर आपलें प्रसन्न पुस्तक छापविलें.

गळास गांडूळ लावण्यांत वॉल्टन निष्णात होता. आमच्या मुलांसही ती विद्या अवगत आहेच. परंतु पिसें व लोकर ह्यांची कृत्रिम माशी करून ट्राउट मासा धरणें त्यास बेताचेंच येई, आणि त्याची माश्यांची यादी बहुतांशीं जुन्या ग्रंथांतली होती. हें ज्ञान त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन ह्यास होतें. डव्ह नदीकांठीं कॉटननें १६७४ सालीं मासेमारीकरितां लहानसें दगडी घर बांधून दारावर दोघांचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून कोरविलीं. १६७६ च्या पांचव्या आवृत्तीस वॉल्टननें कॉटनचा भाग जोडला. स्वतःच्या गाजलेल्या ग्रंथांत धाकट्यास गुरूची जागा देणाऱ्या ह्या वृद्धाविषयीं आम्हांस फार आदर वाटतो.

कॉटननें प्रत्येक महिन्याच्या माश्या सांगितल्या आहेत. सप्टेंबरांत एप्रिलच्या, ऑक्टोबरांत मार्चच्या व नोव्हेंबरांत फेब्रुवारीच्या, अशी त्याची उलटी गणना आहे. नवल वाटेल, पण निरीक्षण खरें आहे. ह्या किड्यांचें बहुतेक आयुष्य पाण्याच्या तळाशीं जातें. मेफ्लायच्या जातींतले तर पंख फुटल्यावर जेमतेम कांहीं तास किंवा दिवस जगतात. उन्हाळ्यांत ते पुष्कळदां सायंकाळीं वर येतात. शरदांत पाणी थंडावलें म्हणजे दुपारच्या उबेची वाट पाहतात. कांहीं जातींच्या वर्षास दोन पिढ्या होतात, म्हणून वसंतारंभीं दिसलेली काळसर माशी ऑक्टोबरांत पुन्हां उडते. तोंवर ट्राउट अंडीं घालण्याच्या तयारीस लागलेला असतो. त्यास सोडून कोळी ग्रेलिंग माशाकडे वळतो, कारण तो वसंतांत अंडीं घालतो व शरदांत पुष्ट असतो.

कर्जापायीं कॉटनची डव्हकांठची वाडी १६८१ सालीं विकली गेली. वॉल्टन १५ डिसेंबर १६८३ रोजीं विंचेस्टर येथें वारला. तेथील कॅथेड्रलांत त्याची कबर आहे. कॉटनही १६८७ सालीं लंडनांत निवर्तला. नदीकांठचें तें घर मात्र अद्याप उभें आहे.