फ्लेमिंगची चाळणी

फ्लेमिंग म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली गोष्ट आठवते. बशीत बुरशी आली, पेनिसिलिन सापडलं, नोबेल मिळालं. खोलीतला पाव हिरवा झाला की आमच्या विंगमध्येही कोणीतरी त्याचं नाव घेतंच! पण या गोष्टीत मधली दहा-बारा वर्षं गायब असतात, आणि मला तीच जास्त आवडतात.

अलेक्झांडर फ्लेमिंग १८८१ साली स्कॉटलंडमध्ये डार्व्हेलजवळच्या एका शेतावर जन्मला, गुरामेंढरांत वाढला. लंडनला येऊन जहाज कंपनीत कारकुनी केली. मग काकांच्या वारशाचे थोडे पैसे मिळाले आणि गडी डॉक्टरकीला गेला. सेंट मेरीज हॉस्पिटलात शिकला, तिथल्याच लॅबमध्ये रमला.

त्या काळी इन्फ्लुएंझा फायफरच्या जिवाणूमुळे होतो असं बरेच जण मानत. (खरा दोषी विषाणू, तो माणसात १९३३ साली सापडला.) अडचण अशी, की घशातला नमुना आगरच्या प्लेटवर पसरला की स्टॅफिलोकोकस, स्ट्रेप्टोकोकस असे दांडगे जंतू भराभर वाढत आणि फायफरचा नाजूक जंतू त्या गर्दीत हरवून जाई. सप्टेंबर १९२८ मध्ये ती प्रसिद्ध बुरशी दिसली. फ्लेमिंगने तपासलं, तर तिचा रस दांडग्यांना रोखत होता, पण फायफरच्या जंतूला धक्का लावत नव्हता. मग त्याने प्लेटच्या एका भागावर रस पसरला. तिथे नको ते जंतू थांबले, हवा तोच वाढला! आपले इलेक्ट्रॉनिक्सवाले याला सरळ फिल्टर म्हणतील. १९२९ च्या त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच हा उपयोग आहे. औषधाची शक्यताही त्यात मांडलीय, पण रस टिकेना, शुद्ध होईना. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं पेनिसिलिनचं मुख्य काम प्लेटा साफ करणं हेच होतं.

औषध झालं ते ऑक्सफर्डला, १९४० च्या सुमारास. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. शुद्धीकरणात राबलेल्या हीटलीला नाही, हे मला अजून खटकतं. फ्लेमिंग १९५५ साली गेला.

त्याची चाळणी मात्र पशुवैद्यकांच्या लॅबमध्ये अजून चालू आहे. खोकणाऱ्या वासराच्या फुफ्फुसातून मायकोप्लाझ्मा वेगळा काढायचा, तर माध्यमात पेनिसिलिन किंवा त्याच्या कुळातलं औषध घालतात. हे औषध जिवाणूला पेशीची भिंत बांधू देत नाही. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते! बाकीचे अडतात, हा आरामात वाढतो. फक्त घाई करून चालत नाही. त्याच्या बारीक वसाहती दिसायला काही दिवस जातात, आणि त्याही सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात.