शिवराईचा राजा

आमच्या आजीच्या देवघरात तांब्याचा एक जाड पैसा आहे. झिजलेला, कडेला वाकडातिकडा. आजी त्याला रोज हळदकुंकू लावते. मी एकदा चिंचेने घासला, तर एका बाजूला ‘राजा’ आणि त्याखाली अर्धवट ‘शिव’ दिसलं! ती निघाली शिवराई. ज्या राजाने ही शिवराई पहिल्यांदा काढली, त्याची ही गोष्ट.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरी किल्ल्यावर झाला. वडील शहाजीराजे, आई जिजाबाई. त्या काळी मुलूख आपला, पण सत्ता सुलतानांची. आपल्या सोलापूरचा भुईकोट किल्लासुद्धा आदिलशहाकडे, अन् पुढे मोगलांकडे होता. बाजारात चालणाऱ्या नाण्यांवर अक्षरं फारसी. शेतकऱ्याच्या हातात पैसा यायचा, पण त्यावर काय लिहिलंय ते त्याला कळायचं नाही.

महाराजांनी मावळ्यांना गोळा केलं. तोरणा घेतला, राजगड बांधला. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा पराभव केला. वाईट दिवसही आले. १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ साली आग्र्याला कैद झाली. पण महाराज खचले नाहीत. तिथून निसटले आणि गेलेले किल्ले पुन्हा जिंकू लागले.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. राजा झाला म्हणजे नाणं स्वतःचं हवं. महाराजांनी सोन्याचा होन काढला आणि तांब्याची शिवराई काढली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’. अक्षरं आपली, देवनागरी! कडेने बारीक ठिपके.

त्या वेळी यंत्र नव्हतं. तांब्याचे वजनाचे तुकडे करायचे, तुकडा दोन ठशांच्या मध्ये ठेवायचा आणि वरून हातोड्याचा घाव घालायचा. ठसा मोठा, तुकडा लहान. म्हणून कुठे ‘श्री’ कापला जातो, कुठे ‘शिव’ अर्धाच उमटतो. दोन शिवरायांचा छाप अगदी सारखा क्वचितच दिसेल.

राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईहून हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रज वकील तह करायला रायगडावर आला होता. इंग्रजांचं नाणं स्वराज्यात चालावं, असं कलम त्याला हवं होतं. महाराजांनी ते कलम घातलं नाही. कोणतंही नाणं चालायला त्यांची मनाई नव्हती. नाणं वजनाला आणि कसाला खरं असेल तर लोक आपणहून घेतील; पण ज्यात रयतेचं नुकसान होईल, ते घ्यायची सक्ती करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बघा, एवढा मोठा राजा, पण काळजी कुणाची? बाजारात मीठमिरची घेणाऱ्या माणसाची!

३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर महाराजांचं निधन झालं. पण शिवराई थांबली नाही. पुढे पेशव्यांच्या काळातही तिच्यावर महाराजांचंच नाव पडत राहिलं. सोन्याचा होन मोजक्या लोकांनी पाहिला असेल. शिवराई मात्र गोरगरिबांच्या कनवटीला होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायाबापड्यांच्या तोंडी राजाचं नाव राहिलं, ते या पैशामुळेसुद्धा.

पालकांनो, एक विनंती आहे. घरात जुना तांब्याचा पैसा असेल तर भांड्यांच्या मोडीत घालू नका. एकदा वितळला की अक्षरं गेली, ती परत येत नाहीत. चिंचेनेही घासू नका. त्याने अक्षरं झिजतात, हे मला गुरुजींनी नंतर सांगितलं. आता आमची शिवराई आजी कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवते, आणि सणाला तेवढी बाहेर काढते.