चाळिशीला म्हातारे, शंभरीला ताजे : प्रा. दि. ब. देवधर

आपल्या सोसायटीतल्या मुलांना देवधर करंडक माहीत असतो. पण हे देवधर कोण, असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. त्यात मुलांचा दोष नाही. देवधरांनी भारतातर्फे एकही अधिकृत कसोटी सामना खेळला नाही, त्यामुळे टीव्हीवर दाखवतात त्या याद्यांमध्ये त्यांचं नाव येत नाही. तरीही आपल्यासारख्या नोकरदार, संसारी माणसांनी ओळख करून घ्यावी असं त्यांचं आयुष्य होतं. म्हणून या रौप्यमहोत्सवी अंकासाठी मी हा विषय निवडला.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. शिक्षण संस्कृतचं आणि पुढे पेशाही तोच. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, म्हणजे आपल्या एस. पी. कॉलेजात, ते संस्कृतचे प्राध्यापक होते. त्या काळी क्रिकेटवर पोट भरत नसे. काही खेळाडूंना राजेरजवाड्यांचा आश्रय मिळे. देवधर मात्र कॉलेजात शिकवून घर चालवत आणि नोकरी सांभाळून मैदानावर उतरत. आधी वर्गात कालिदास, मग मैदानावर बॅट, असा त्यांचा दुहेरी संसार होता.

पहिला प्रथम श्रेणी सामना ते १९११ साली खेळले आणि शेवटचा १९४८ साली. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली आणि देश स्वतंत्र झाला. या ३७ वर्षांत त्यांना सामने मिळाले एकूण ८१. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला लगेच हिशेब करावासा वाटतो. वर्षाला सरासरी जेमतेम दोन सामने! आजचा खेळाडू तेवढे एका महिन्यात खेळतो. एवढ्या तुटपुंज्या संधीत त्यांनी ४,५२२ धावा आणि ९ शतकं केली. वर्षभर वाट बघायची आणि बोलावणं येईल त्या दिवशी तयार असायचं, हे सोपं नाही. त्यासाठी रोजचा सराव आणि शरीराची निगा अंगवळणी पडलेली असावी लागते.

त्यांचा मोठा दिवस आला १९२६ च्या डिसेंबरात. आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ इंग्लंडहून आला होता. मुंबईच्या जिमखाना मैदानावर अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा केल्या आणि आपल्या संघाला आघाडी मिळाली. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर सी. के. नायडूंनी याच पाहुण्यांविरुद्ध हिंदू संघाकडून १५३ धावांची तुफानी खेळी केली होती. हिंदुस्थानी खेळाडू बरोबरीने खेळू शकतात हे त्या दौऱ्यात दिसलं. पुढे १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

त्या संघात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती आणि वय आड आलं. ज्या दौऱ्याची पायाभरणी करणाऱ्यांत आपण होतो, ती गाडी आपल्याला सोडून निघून गेली, हे दुःख लहान नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ऑफिसात असं काही ना काही सोसलं असेल. अशा वेळी माणूस एक तर कडवट होतो, नाही तर घरी बसतो. देवधरांनी यातलं काहीच केलं नाही. ते खेळत राहिले.

पुढची गंमत बघा. रणजी स्पर्धेत महाराष्ट्राची सूत्रं त्यांच्या हाती होती. १९३९-४० साली महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला, अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताला हरवून. पुढच्याच वर्षी मद्रासला हरवून तो राखला. त्या वेळी कर्णधार पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता! विजय हजारे त्यांच्याच संघात घडत होते. रणजीतलं पहिलं त्रिशतक हजारेंनी १९३९ साली महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध केलं. स्वतः देवधरांची सर्वोच्च धावसंख्या २४६, तीही याच काळातली, मुंबईविरुद्धची. कळस झाला तो १९४४ साली. नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन्ही डावांत शतकं, १०५ आणि १४१. वय वर्षं ५२!

आता घराकडे वळू. देवधरांना तारा, सुंदर आणि सुमन या मुली. तिघीही बॅडमिंटन खेळल्या आणि १९४० च्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय बॅडमिंटनवर या बहिणींचं वर्चस्व होतं. हा काळ लक्षात घ्या. मुलींचं शिक्षण, मग लग्न, एवढाच हिशेब तेव्हा बहुतेक घरांत होता. त्या दिवसांत पुण्यातल्या एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरात मुलींच्या हाती रॅकेट होती, आणि एक नव्हे, तीन. वडील स्वतः मैदानावर घाम गाळतात हे मुलींनी लहानपणापासून पाहिलेलं. मला वाटतं, उपदेशापेक्षा ते बघणंच जास्त कामाला आलं असेल. देवधरांच्या साऱ्या शतकांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

खेळणं थांबलं तरी काम थांबलं नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं अध्यक्षपद, नियामक मंडळाचं उपाध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समिती अशा जबाबदाऱ्या त्यांनी सांभाळल्या. आत्मचरित्रही लिहिलं. १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण मिळालं. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला, तेव्हा ते ऐंशी पार करून स्वतः हयात होते. हे भाग्य फार थोड्यांना लाभतं. १९९२ साली त्यांनी शंभरी गाठली आणि २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात ते गेले.

शंभरी गाठणारे ते पहिले भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटपटू. पुढे २०२० साली वसंत रायजी आणि रघुनाथ चांदोरकर त्या पंक्तीत आले. यातले चांदोरकर जन्माने कर्जतचे, म्हणजे आपल्या बदलापूरहून गाडीने पाच स्टेशनं पुढे, आणि तेही महाराष्ट्राकडून खेळलेले. तेव्हा हा वारसा फक्त पुण्याचा नाही, आपल्या लाईनवरचाही आहे.

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात मोकळी जागा दिवसेंदिवस कमी होत चालली आहे. सोसायटीच्या आवारात गाड्या वाढल्या, त्यामुळे चेंडू काचेला लागला की वाद ठरलेलाच. काच महाग आहे हे खरं, पण खेळ विसरलेलं मूल त्याहून महाग पडतं. सभासदांनी आठवड्यातले दोन तास तरी आवार मुलांसाठी मोकळं ठेवावं, आणि मुलींनाही आवर्जून खाली पाठवावं. माझ्या वयाच्या मंडळींनी बाकावरून नुसतं ओरडण्यापेक्षा निदान पंच म्हणून उभं राहावं. बावन्नाव्या वर्षी दोन शतकं आपल्याच्याने होणार नाहीत, पण संध्याकाळच्या दोन फेऱ्या नक्की होतील.

संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पंचवीस झाली, आता शतकाकडे नजर ठेवू या!