दंड रक्षणासाठी की तिजोरीसाठी? लोकनायक बापूजी अणे यांनी विचारलेला प्रश्न

यवतमाळ : नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून जातो. नागपूर-तुळजापूर महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड अशी जिल्ह्याची वाट कापतो. वणीकडे कोळशाच्या ट्रकांची वर्दळ कायम असते. अशा रस्त्यांवर वेगमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाचे छायाचित्र यंत्र टिपते आणि काही वेळाने मालकाच्या भ्रमणध्वनीवर ई-चलान येऊन धडकते. त्यानंतर चहाच्या टपरीपासून न्यायालयाच्या आवारापर्यंत एकच चर्चा रंगते. हा कॅमेरा जीव वाचविण्यासाठी लावला आहे, की सरकारी तिजोरी भरण्यासाठी?

प्रश्न नवा वाटत असला तरी या जिल्ह्याला तो जुनाच आहे. सुमारे शतकापूर्वी येथील एका वकिलाने हाच प्रश्न जंगलाच्या कायद्याबाबत विचारला, तोही भर पावसाळ्यात, हाती विळा घेऊन. त्यांचे नाव माधव श्रीहरी अणे. लोक त्यांना बापूजी म्हणत आणि लोकनायक ही उपाधीही त्यांना लोकांनीच दिली.

वणी ते यवतमाळ

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. अमरावतीत काही वर्षे शिक्षकी केल्यानंतर कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन त्यांनी १९०८ मध्ये यवतमाळ येथे वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली, तेच हे वर्ष होय. तरुण अणे टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखनापायी पुढे त्यांची वकिलीची सनदही काही काळ निलंबित झाली.

कायदा हे त्यांच्या चरितार्थाचे साधन होते, तसाच तो त्यांच्या चिंतनाचाही विषय होता. सरसकट बहिष्कार त्यांना मानवत नसे. असहकाराच्या काळातही कायदेमंडळात जाऊन सरकारला जाब विचारावा, हे टिळक परंपरेतील प्रतियोगी सहकारितेचे धोरण त्यांनी न. चिं. केळकर, बॅ. जयकर, डॉ. मुंजे यांच्यासमवेत पुरस्कारिले. वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून ते केंद्रीय कायदेमंडळात गेले. १९२८ मध्ये हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या नेहरू समितीचेही ते सदस्य होते. असा मनुष्य कायदेभंगास प्रवृत्त झाला, तेव्हा त्यामागे काही विचार असणार हे उघड आहे.

जंगल कोणाचे?

वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडेच राहिले. सत्ता कोणाचीही असो, शेतकऱ्याला गुरांसाठी गवत आणि चुलीसाठी सरपण जंगलातूनच आणावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेच्या स्लीपरांसाठी लाकडाची गरज वाढली, तसे सरकारचे जंगलाकडे लक्ष वळले. १८६५ व १८७८ चे वनकायदे आले. राखीव जंगल ही संकल्पना रूढ झाली आणि काल जे वहिवाटीने मिळत होते त्यासाठी आज पास काढावा लागू लागला.

जंगल राखले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नव्हते. अनिर्बंध तोडीने डोंगर उघडे पडतात, हे शेतकऱ्यालाही ठाऊक होते. अडचण कायद्याच्या रचनेत होती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलातील अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. त्याच कायद्यात आणखी एक वाट होती. रेंजर किंवा त्यावरच्या दर्जाचा आणि दरमहा किमान १०० रुपये वेतन घेणारा वनाधिकारी ५० रुपयांपर्यंत रक्कम घेऊन प्रकरण जागीच मिटवू शकत असे. दंडाच्या व जप्तीच्या रकमेतून अधिकाऱ्यांना आणि खबऱ्यांना बक्षिसे देण्याचे नियम करण्याची मुभाही सरकारला होती.

म्हणजे पकडणारा, रक्कम ठरविणारा आणि त्या रकमेतून लाभाची आशा धरणारा, हे सारे एकाच खात्यातील असू शकत. अशा रचनेत प्रामाणिक अधिकाऱ्याविषयीही गावकऱ्याच्या मनात संशय उत्पन्न होणे स्वाभाविक होते. जंगल वाचविण्यासाठी आकारलेला दंड आणि गवतावर बसविलेला कर यांतील सीमारेषा त्याच्या दृष्टीने पुसली गेली होती.

पुसदचा विळा

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील दहिहांडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार करून सत्याग्रह झाला. परंतु प्रत्येक गावात खारी विहीर कोठून आणणार? जंगल आणि गवत मात्र सर्वत्र होते. काँग्रेस कार्यकारिणीने मध्यप्रांत-वऱ्हाडात वनकायद्याच्या भंगास मान्यता दिली आणि १० जुलै १९३० रोजी बापूजींच्या नेतृत्वाखाली पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापास गवत कापून जंगल सत्याग्रहास प्रारंभ झाला.

या घटनेतील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सत्याग्रहींनी झाडांवर कुऱ्हाड चालविली नाही, विळ्याने गवत कापले. गवत पुन्हा उगवते. कायदा मोडताना कायद्याचे जे रास्त प्रयोजन, म्हणजे जंगलाचे रक्षण, त्याला धक्का लावावयाचा नाही आणि त्यातील वसुलीचा भाग तेवढा नाकारावयाचा, असाच त्या कृतीचा अर्थ लागतो. शिवाय हे सारे लपूनछपून झाले नाही. आधी जाहीर करून, दिवसाढवळ्या, पोलिसांच्या समक्ष ते घडले. बापूजींना अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी भोगली.

पुसदची ठिणगी दूरवर गेली. अवघ्या अकरा दिवसांनी, २१ जुलै रोजी, डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळनजीक जंगल सत्याग्रह केला आणि नऊ महिन्यांची शिक्षा पत्करली. मध्यप्रांतात ठिकठिकाणी विळे निघाले. २५ सप्टेंबर रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन सत्याग्रहींना प्राण गमवावे लागले. गवताच्या पेंढीचा प्रश्न किती खोलवर झोंबला होता, याची कल्पना यावरून येते.

सत्तेच्या दोन्ही बाजूंना

बापूजींचे पुढील आयुष्य अनेक वळणांचे आहे. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले. जातीय निवाड्याच्या प्रश्नावर मतभेद झाल्याने १९३४ मध्ये पं. मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला आणि ते पुन्हा केंद्रीय कायदेमंडळात गेले.

ते सदस्य असताना या कायदेमंडळाने १९३९ चा मोटार वाहन कायदा संमत केला. परवाना, वेगमर्यादा आणि तिच्या उल्लंघनाबद्दल दंड या गोष्टी त्याने देशभर एका चौकटीत आणल्या. पुढे १९८८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि आजची ई-चलाने या नव्या कायद्याखाली निघतात.

१९४१ मध्ये बापूजी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेव्हा अनेक जुने सहकारी नाराज झाले. त्यानंतर वर्षभरातच सामुदायिक दंडाचे रूप त्यांच्या दाराशी आले. ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे उठाव झाला, लष्कराकडून अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या आणि गावावर सामुदायिक दंड बसला. चौकशीच्या मागणीसाठी प्रा. भणसाळी यांनी दिल्लीत बापूजींच्या निवासस्थानीच उपोषण आरंभिले. एकेकाळी विळा घेऊन सरकारसमोर उभा राहिलेला नेता आता सरकारच्या बाजूच्या खुर्चीत होता आणि जाब त्याला विचारला जात होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण सुरू झाले. सरकार त्यांना सोडण्यास तयार होईना, तेव्हा बापूजींनी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला.

त्यानंतर ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी झाले. १९४८ ते १९५२ या काळात त्यांनी बिहारचे राज्यपालपद भूषविले. उतारवयात नागपूरचे प्रतिनिधी म्हणून ते लोकसभेत गेले आणि तेथे त्यांनी विदर्भाची बाजू मांडली. लोकमान्यांच्या जीवनावर त्यांनी 'तिलकयशोऽर्णव' हे संस्कृत महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले, तर महाकाव्यास १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर लाभला.

गवत आणि वेग

बापूजींचा दाखला देऊन वेगाच्या कॅमेऱ्यांना विरोध करणे सोपे आहे. परंतु ते योग्य होणार नाही. गवत कापणाऱ्याने कोणाचाही जीव धोक्यात घातला नव्हता. भरधाव वाहन मात्र चालकाबरोबर रस्त्यावरील पादचारी, सायकलस्वार आणि बैलगाडीवाला यांनाही संकटात लोटते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणत्याही सरकारने केलेला नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाशी संबंधित असल्याची सरकारी नोंद आहे. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जण दगावले.

कॅमेऱ्याने खरोखर फरक पडतो काय? २०१० मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणघातक व गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. अभ्यासांचा दर्जा अधिक चांगला हवा होता, हेही त्या आढाव्याने नमूद केले. एखाद्या ठिकाणी एका वर्षी फार अपघात झाले म्हणून तेथे कॅमेरा बसविला, तर पुढील वर्षीची काही घट आपोआपच होणारी असते. ती वजा केली पाहिजे. तरीही सर्व अभ्यासांचा कल एकाच दिशेचा आहे. कॅमेरा जीव वाचवतो.

परंतु म्हणून बापूजींचा प्रश्न निकालात निघत नाही. ब्रिटनमध्ये २००० पासून कॅमेऱ्यांचा खर्च त्यांच्याच दंडातून भागविण्याची पद्धत सुरू झाली. अपघात कमी झाले, तरी कॅमेरे पैशासाठीच आहेत हा लोकांचा संशय काही जाईना. अखेर २००७ मध्ये दंड आणि कॅमेऱ्याचा खर्च यांची ही थेट सांगड तोडण्यात आली. वनखात्याच्या बक्षिसांनी वऱ्हाडात जे घडविले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिवेगासाठी हलक्या वाहनास १ ते २ हजार, तर मध्यम व जड वाहनास २ ते ४ हजार रुपये दंडाची तरतूद झाली. २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे आणि कॅमेरा असल्याची सूचना देणारा फलक ठळकपणे लावलेला हवा. हा फलक म्हणजे या वादातील खरी कसोटी होय. फलक पाहून वाहन हळू झाले आणि दंडाचा एक रुपयाही आला नाही, तर सुरक्षिततेचा हेतू पूर्ण सफल झाला, महसुलाचा मात्र बुडाला. फलक नाही, वेगमर्यादा अचानक बदलते आणि यंत्र अपघातप्रवण वळण सोडून उतारावरच्या सरळ रस्त्यावर उभे आहे, अशा ठिकाणी नागरिकाने शंका घेतली तर त्याला दोष देता येणार नाही.

शंका घेण्याची रीत मात्र बापूजींकडून शिकण्यासारखी आहे. क्रमांकाची पाटी झाकणे, कॅमेरा दिसताच ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग वाढविणे किंवा चलान वर्षानुवर्षे थकविणे, याला सत्याग्रह म्हणत नाहीत. बापूजींनी उघडपणे प्रश्न विचारला आणि त्याची किंमत स्वतः मोजली. आजच्या नागरिकास तर तुरुंगात जाण्याचीही गरज नाही. चलानाविरुद्ध तक्रार करता येते, न्यायालयात दाद मागता येते. जिल्ह्यात कॅमेरे कोठे व कोणत्या कारणाने लावले, दंड किती जमा झाला, त्यातून कोणते वळण सरळ झाले, कोणत्या चौकात दिवा लागला आणि त्या ठिकाणचे मृत्यू किती घटले, हा हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. प्रशासनाने तो मागण्यापूर्वीच दरवर्षी जाहीर केला, तर टपरीवरच्या अर्ध्याअधिक चर्चेला उत्तर मिळेल.

यवतमाळ येथे बापूजींच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या अनेक मुली याच रस्त्यांनी ये-जा करतात. त्या सुखरूप घरी पोहोचाव्यात यासाठी कॅमेरा हवाच. आणि तो त्यासाठीच आहे, हे लोकांना पटवून देण्याचे दायित्व तो लावणाऱ्यांवर आहे.