आद्य क्रांतिवीराची एकाकी वाट

पनवेल सोडून कर्नाळ्याकडे निघाले की आधी पळस्पे लागते आणि थोड्याच अंतरावर शिरढोण. आपल्या ऐरोलीपासून फार लांब नसलेल्या या गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. त्यांच्या बंडाची हकीकत आपण शाळेत वाचलेली आहे. परंतु जवळ कोणी नाही आणि पुढे वाट नाही, अशा वेळी या पुरुषाने काय ठरविले, ते फारसे सांगितले जात नाही. येथे तेवढेच सांगावयाचे आहे.

वासुदेवराव पुण्यास सरकारी लष्करी हिशेब खात्यात नोकरीस होते. आई आजारी असता रजा मिळाली नाही आणि मायलेकरांची शेवटची भेट चुकली. पुढे १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना पाहून त्यांचे मन नोकरीवरून उडाले. फेब्रुवारी १८७९ मध्ये रामोशी सोबती घेऊन त्यांनी शिरूर तालुक्यातील धामारी गावी पहिला छापा घातला.

सह्याद्रीत त्यांना रानाचे भय नव्हते. वाटा, पाणवठे व कपारी ठाऊक असलेली माणसे बरोबर होती. पण पुष्कळांचे लक्ष राज्यापेक्षा लुटीकडेच आहे, हे त्यांना लवकरच कळून आले. मन खचले आणि ते दूर कृष्णाकाठच्या श्रीशैल मल्लिकार्जुनास गेले. भोवती घनदाट अरण्य. देवापुढे देह ठेवावा, असे त्यांच्या मनात होते. तेथे त्यांनी आपली हकीकत लिहून काढली. आणि मरणाचा विचार मागे टाकून ते परतले. काम अपुरे होते, म्हणून जगावयाचे, हा त्यांचा पहिला कठीण निर्णय.

मे महिन्यात पळस्पे व चिखली येथे छापे पडले. लगेच लष्कराने पाठलाग केला व त्यात उजवा हात असलेले दौलतराव नाईक ठार झाले. शोकास सवड नव्हती. वासुदेवरावांनी पुन्हा दक्षिणेची वाट धरली व निजामाच्या मुलखात नवे शिपाई मिळविण्याचा यत्न चालविला. अंगात ताप, मागे मेजर डॅनियलची तुकडी, डोक्यावर सरकारी इनाम. कोठे तरी दडून विसावा घेतला असता तर शरीर सावरले असते; त्यांनी चालत राहणे पत्करले. शेवटी २० जुलै १८७९ रोजी, आजच्या विजापूर जिल्ह्यातील देवर नावदगी येथे, थकून झोपलेले असता ते पकडले गेले.

खटल्यात सार्वजनिक काकांनी त्यांचा बचाव केला, तरी जन्मठेप झाली व १८८० च्या आरंभी त्यांची रवानगी एडनला झाली. एडन म्हणजे मृत ज्वालामुखीचा उघडा खडक. पाऊस क्वचित, गोड्या पाण्याची वाण, सावलीस झाड नाही. भाषा परकी, ओळखीचा एकही चेहरा नाही. तरीही त्यांनी एके दिवशी कोठडीचे दार बिजागरीतून उखडले आणि बाहेर पडले! काही मैल गेल्यावर ते पुन्हा हाती सापडले. सह्याद्रीत लपविणारी झाडी होती, वाट दाखविणारा सोबती होता. येथे दोन्ही नव्हते. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पत्नी गोपिकाबाई मागे राहिल्या. ज्या काळी स्त्रीच्या हाती पाटी देणे लोकांस रुचत नसे, त्या काळी वासुदेवरावांनी त्यांना लिहावयास वाचावयास शिकविले होते. पतीमागे त्यांनी दीर्घकाळ वैधव्य काढले. रानात एकटा पडलेल्या वीराची कथा आपण सांगतो. घरात एकटी पडलेल्या या बाईंची कथा कोण सांगतो?

धैर्य ज्याचे त्यालाच करावे लागते, हे खरे. परंतु अनोळखी मुलखात एकट्याचे धैर्य काही मैलच पुरले, हेही तितकेच खरे. कोणावर संकट आले की आधी त्याच्या दारी जाऊन उभे राहावे. आपले मंडळ त्यासाठीच आहे.