भाऊसाहेब आणि भाताचे रोप

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर हे गाव तेथील खंडेश्वराच्या प्राचीन हेमाडपंती देवालयामुळे प्रसिद्ध आहे. याच तालुक्यात पापळ नावाचे एक खेडे आहे. २७ डिसेंबर १८९८ रोजी या खेड्यातील एका शेतकरी कुटुंबात पंजाबरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शामराव व आईचे राधाबाई. पुढे साऱ्या विदर्भात भाऊसाहेब या जिव्हाळ्याच्या नावाने जे ओळखले गेले, ते डॉ. पंजाबराव देशमुख हेच.

वऱ्हाडची जमीन काळी आणि कसदार, परंतु बहुतेक शेती पावसाच्या स्वाधीन. मृगाचा पाऊस वेळेवर झाला म्हणजे तिफणी चालू लागतात, कपाशी, ज्वारी आणि तूर यांच्या ओळी वर येतात आणि त्या ओळींमधून डवरे फिरू लागतात. अशा शिवारात वाढलेल्या मुलाला पिकाची भाषा निराळी शिकवावी लागत नाही. दुपारचे ऊन चढले की कपाशीची पाने मलूल होऊन खाली झुकतात आणि सायंकाळी पुन्हा टवटवीत होतात. झड लागून आठ आठ दिवस सूर्यदर्शन झाले नाही, तर कपाशीच्या पात्या गळून पडतात. एका जागी दाटीने उगवलेली झाडे खुरटतात आणि त्यांतली काही उपटून विरळणी केली की राहिलेली जोमाने वाढू लागतात. झाडाला वाचा नसते. परंतु पाणी, प्रकाश, माती आणि शेजार जसा मिळेल तसे उत्तर ते आपल्या वाढीतून देत असते. हे उत्तर ऐकू येण्यासाठी मात्र बांधावर उभे राहण्याची सवय हवी. पंजाबरावांना ती घरातूनच लाभली.

शिक्षणासाठी त्यांना लवकरच घर सोडावे लागले. अमरावतीस हायस्कूलचे शिक्षण आटोपून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले व १९२० साली त्यांनी विलायतेचा मार्ग धरला. एडिंबरो येथे त्यांनी एम. ए. ची पदवी मिळविली, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट संपादन केली आणि बॅरिस्टरीची परीक्षाही ते उत्तीर्ण झाले. वेदांचा हा अभ्यासक पुढे धानाच्या रोपात गुंतून पडेल, असे तेव्हा त्यांच्या गुरुजनांच्या स्वप्नातही आले नसेल!

१९२६ साली स्वदेशी परत आल्यावर त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. परंतु त्यांचे मन केवळ न्यायालयात रमणारे नव्हते. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले व्हावे म्हणून १९२७ साली सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली, तिचे ते एक प्रमुख होते. १९२८ साली जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याचे काम हाती घेतले. १९३० साली ते मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले व मंत्री झाले. त्या काळात शेतकरी सावकारी कर्जाने पिचून गेला होता. पीक बुडाले तरी व्याज बुडत नसे आणि अखेरीस जमीन सावकाराच्या नावे होई. धनको व ऋणको यांच्यात तडजोड घडवून आणणारी लवाद मंडळे ज्या कायद्याने स्थापन झाली, तो १९३३ सालचा कायदा होण्यासाठी पंजाबराव झटले. शेतकऱ्यांच्या मुलांनी शिकावे म्हणून त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. आज विदर्भातील कितीतरी शाळा व महाविद्यालये या संस्थेची आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली ते अमरावतीहून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्र सरकारात शेतीखात्याचे मंत्री झाले. हे पद मानाचे खरे, पण सुखाचे मुळीच नव्हते. १९५१ च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या ३६ कोटींच्या पुढे गेली होती आणि १९५०-५१ साली पिकलेले सारे अन्नधान्य जेमतेम पाच कोटी टन होते. फाळणीत पंजाब व सिंध प्रांतांचा कालव्यांखालील सुपीक मुलूख बराचसा पलीकडे गेलेला. धान्यासाठी शिधापत्रिका घेऊन लोकांना दुकानासमोर उभे राहावे लागे. परदेशांतून धान्याची जहाजे आली नाहीत तर काय, ही चिंता राज्यकर्त्यांना होती. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नावाचून मेली होती, त्याला दहा वर्षेही झाली नव्हती. नवी जमीन एकाएकी कोठून आणणार? तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की, आहे त्याच बांधीत तेच रोप अधिक दाणे देईल काय?

आपल्या देशात तेव्हा हेक्टरी सरासरी पावणेसातशे किलोंच्या आसपास तांदूळ निघे. जपानचा शेतकरी लहानशा तुकड्यात याच्या कितीतरी पट पीक काढीत असे. ही जपानी रीत मुंबईनजीक बोरिवली येथील कोरा केंद्रात करून पाहिली गेली होती आणि तिचा गुण दिसू लागला होता. १९५३ साली देशभर तिचा प्रसार करण्याची मोहीम सुरू झाली. पंजाबरावांनी ती इतकी मनावर घेतली की, त्यांचे नाव आणि जपानी पद्धतीची भातशेती ही जोडीच लोकांच्या तोंडी बसली.

मुलांनो, या रीतीत जादू कसलीही नव्हती. भाताचे रोप कसे वाढते, हे ओळखून शेतकऱ्याने आपला हात चालवावा, एवढेच तिचे मर्म होते.

आरंभ बियाण्यापासून होई. मीठ कालवलेल्या पाण्यात धान टाकले की हलके, पोचट दाणे वर तरंगतात आणि भरीव दाणे तळाशी बसतात. तरंगणारे काढून टाकावयाचे आणि तळचे स्वच्छ पाण्याने धुऊन पेरावयाचे. असे का? दाण्याच्या आत एक इवलासा अंकुर असतो आणि त्याच्या जोडीला अन्नाची शिदोरी असते. मुळे मातीत रुजेपर्यंत व पाने हिरवी होऊन स्वतः अन्न करू लागेपर्यंत रोपाला याच शिदोरीवर जगावे लागते. भरीव दाण्याची शिदोरी मोठी, म्हणून त्याचे रोपही धट्टेकट्टे होते.

पुढची पायरी वाफ्याची. जमिनीपासून किंचित उंच केलेल्या, शेणखत घातलेल्या वाफ्यावर बी विरळ पेरावयाचे. जुन्या रीतीत एवढ्याशा जागेत पायलीभर बी ओतले जाई. दाटीत उगवलेली रोपे एकमेकांना सावली करतात आणि प्रकाशासाठी प्रत्येकाची चढाओढ लागते. रोपे उंच होतात, पण काटकुळी राहतात. याची प्रचीती घरीच घेता येईल. मुगाचे थोडे दाणे उघड्यावर व थोडे टोपलीखाली रुजवून पाहावे. आठवडाभराने टोपलीखालचे कोंब लांबच लांब, पिवळसर आणि लुळे झालेले दिसतील. उघड्यावरचे ठेंगणे, हिरवे आणि ताठ असतील. बी एकच, पाणी एकच. अंतर पडले ते प्रकाशाने. टोपलीच्या एका बाजूस भोक ठेवले तर कोंब तिकडेच झुकतील, कारण त्यांच्या अंधाऱ्या बाजूच्या पेशी उजेडाकडच्या पेशींहून अधिक लांबतात.

त्यानंतर रोवणी. चिखल केलेल्या बांधीत ओंजळभर रोपे कशीही खोवण्याऐवजी एका जागी दोन-तीनच रोपे लावावयाची आणि दोन जागांत सुमारे दहा इंच अंतर राखावयाचे, तेही दोरी धरून सरळ ओळीत. प्रथम पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे शेत रिकामे वाटे. इतकी थोडी रोपे लावून पीक जास्त कसे यावे? पुष्कळांनी मान हलविली, काहींनी थट्टाही केली असेल. परंतु भाताच्या रोपाचा एक स्वभाव आहे. त्याच्या बुंध्याजवळच्या पेरांतून नवे कोंब निघतात, त्यांना फुटवे म्हणतात. गर्दी असली की फुटवे थोडेच निघतात आणि त्यांतलेही काही वाळून जातात. ऐसपैस जागा, प्रकाश आणि मुळांना पुरेसे अन्न मिळाले की त्याच रोपाला भराभर फुटवे येतात आणि बहुतेक प्रत्येक फुटव्याला लोंबी धरते. दीड महिन्यापूर्वी ओकेबोके दिसणारे शेत मग हिरवेगार भरून जाते. रिकामी ठेवलेली जागा रोपाने आपल्या परीने भरून काढलेली असते.

ओळींचा दुसरा लाभ निंदणाचा. दोन ओळींमधून हाताने ढकलावयाचे फिरते कोळपे चालविता येते. तण चिखलात गाडले जाते आणि वरची माती ढवळली जाते. येथे आमच्या वऱ्हाडच्या वाचकास थोडे हसू येईल. कपाशी व ज्वारी तिफणीने ओळीत पेरून तिला डवरणी देण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांची आहे. पूर्वेकडच्या धानपट्ट्यात मात्र आवत्या पद्धतीने धान विखरून पेरणे किंवा रोवणी वाटेल तशी करणे सर्रास चाले. जपानी रीत धानासाठी नवी असली तरी तिच्यातील ओळ आणि डवरणी पापळच्या मुलाला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

शेवटची बाब खताची. शेणखत व कंपोस्ट यांच्या जोडीला अमोनियम सल्फेट आणि सुपरफॉस्फेट ही खते हप्त्याहप्त्याने द्यावयाची. पहिल्यातील नत्राने पाने व फुटवे वाढतात, दुसऱ्यातील स्फुरद मुळांच्या वाढीस उपयोगी पडते. सिंद्री येथील सरकारी कारखान्यात १९५१ पासून अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले होते, त्याची या मोहिमेस मदत झाली.

जेथे पाणी हुकमी होते आणि शेतकऱ्याने सर्व पायऱ्या मनापासून पाळल्या, तेथे उत्पन्न स्पष्टपणे वाढले. पण सर्वत्र तसे झाले असे म्हणता येणार नाही. पावसाने ओढ दिली की सारा बेत बिघडे. ओळीत रोवणी करण्यास मजूर अधिक लागत आणि खतास रोकड पैसा हवा, तो गरीब शेतकऱ्याच्या गाठीस नसे. शिवाय खुद्द रोपानेच एक अडचण उभी केली. आपली जुनी धाने उंच वाढणारी. नत्राचे खत वाढविले की ती आणखी उंच होत, कांडे नाजूक राही आणि लोंबी भरताच वाऱ्या-पावसाने सारे पीक आडवे लोळे. जपानी धानाचे ताट आखूड व ताठ असल्याने त्याला ते खत मानवत असे. एकच खत, पण दोन जातींची दोन उत्तरे! रीत बदलून रोपाकडून किती घेता येईल, याला रोपाच्या जातीची मर्यादा पडते, हे या अनुभवाने सर्वांच्या ध्यानी आले. माझ्या मते मोहिमेच्या यशाइतकीच ही अडचणही मोलाची ठरली. कटकच्या भात संशोधन संस्थेत जपानी व भारतीय जातींचा संकर करण्याचे प्रयत्न त्याच दशकात चालू होते. पुढे १९६६ साली फिलिपाईन्समधून आयआर-८ ही ठेंगणी जात आली आणि १९६८ साली आपल्या देशातील जया ही जात शेतकऱ्यांच्या हाती पडली. या जाती भरपूर खत पचवूनही उभ्या राहात.

शेतकऱ्याने पाहून शिकावे, यावर पंजाबरावांचा भर असे. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागेही त्यांचाच ध्यास होता. उद्घाटनाच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते. मोठमोठे पाहुणे आले, तसे खेड्यापाड्यांतले शेतकरीही आले आणि परदेशांतील यंत्रे व पिके त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे भाऊसाहेबांचे देहावसान झाले. ठेंगण्या धानाची हिरवी शेते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. तेथे कापूस, ज्वारी, तूर या वऱ्हाडच्या पिकांवर संशोधन चालते. धानाचे काम याच विद्यापीठाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही येथील केंद्रात होते. पावसाळ्यात तेथे निरनिराळ्या जातींचे धान शेजारी शेजारी लावलेले असते आणि कोणत्या जातीला किती फुटवे आले, हे संशोधक ओळीत वाकून मोजत असतात.